अंगठ्याखालची ओळ

आमची भट्टी रात्री दोनला पेटते.
काजूची लाकडं, वर नारळाची सोडणं.
मी पीठ मळतो, कुस्तान गोळे मोडते,
रुजारचं काम एवढंच : जाळ मरू द्यायचा नाही.

शनिवारी जाळ मेला.
रुजार मैद्याच्या पोत्यांवर झोपला होता, तोंड उघडं,
छातीवर शाळेची वही, वहीत होडीचं चित्र.
दोनशे चाळीस उंडे बसले.
उभादांड्यात बस्त्यावच्या नातीचा बाप्तिस्मा,
आणि माझी सायकल रिकामी.

मी त्याला मारलं नाही.
ह्याचा मला दुपारपर्यंत अभिमान होता.
मी फक्त बोललो.
काय बोललो ते सांगत नाही.
कुस्तानने हातातला गोळा तसाच ठेवून
माझ्याकडे बघितलं, एवढं सांगतो.

संध्याकाळी तेर्स झाल्यावर मी पुस्तक काढलं.
पापांचं. पाठीला मांजरपाटाची पट्टी,
पानांना अजून खमिराचा आंबूस वास.
पौलाने इफिसच्या लोकांना लिहिलेलं ते पत्र,
त्याचं शेवटाकडचं पान मला अंधारातही सापडतं,
कारण दर चुकीला मला ह्याच पानावर बसवायचे.
'वाच,' मी म्हटलं. 'मोठ्यान.'

त्याचा आवाज सध्या फुटतोय,
अर्धा पोराचा, अर्धा कुणा अनोळखी पुरुषाचा.
त्याने वाचलं, मुलांनी आईबापांचं ऐकावं.
त्याने वाचलं, त्यांचा मान राखावा, म्हणजे भलं होईल.
'पुरे' माझ्या ओठांवर आलं होतं.
पापा इथेच थांबवायचे.
त्यांचा अंगठा पुढच्या ओळीवर असायचा,
भट्टीने करपलेला, तेलकट, रुंद.
इतक्या वर्षांत तिथे तपकिरी डाग पडलाय.
मला वाटायचं, वचन तिथे संपतं.

रुजारला तो अंगठा ठाऊक नव्हता.
पान दिव्याकडे तिरकं धरून, अक्षरं लावत लावत
तो डागातून वाचत गेला :
आणि बापांनो, तुम्ही...
थांबला.
मग वाचलं, की बापांनी पोरांना इतकं डिवचू नये
की त्यांच्या मनात नुसता राग उरेल.
पुढे शिस्तीचं होतं, प्रभूच्या शिकवणीचंही होतं,
पण ते माझ्या कानांपर्यंत आलं नाही.
बाहेर भरती लागली होती.
कुस्तान जपमाळेचे मणी बघत राहिली, मोजल्यासारखं करत.

'पापा, ह्या तुमच्यासाठी आसा,' रुजार म्हणाला.
उर्मटपणे नाही.
चुकून आपल्या घरी आलेलं
शेजाऱ्याचं पत्र देतात, तसं.

रात्री झोप नाही.
पोराने भाकर मागितली तर त्याला धोंडा देणारा
बाप कोण आहे, असं येशूने लोकांना विचारलं होतं.
मी बेकरीवाला, हे ऐकून दर वेळी मनात हसायचो.
काल अंथरुणात धोंडे मोजत पडलो.
आणि मग उगाच आठवलं,
पापा सोसायटीच्या कर्जाला अंगठा उठवायचे.
त्यांना वाचता येत नव्हतं.
पान त्यांना डागावरून कळायचं,
आणि पाठ होतं ते तेवढंच,
जेवढं त्यांच्या बापाने ऐकवलं होतं.
अंगठ्याखाली काय आहे,
त्यांनाही माहीत नव्हतं.

दोनला उठलो. रुजार आधीच भट्टीपुढे,
डोळे ताणून जाळाकडे बघत,
नजर हटली तर विझेल अशा धाकाने.
मी शेजारी बसलो.
'माझा चुकला' एवढंच म्हणायचं होतं.
जीभ कच्च्या पिठासारखी टाळ्याला चिकटलेली.
बराच वेळ गेला.
'होडयेक शीड कित्याक काढूक नाय?' मी विचारलं.
त्याने माझ्याकडे बघितलं, मग जाळाकडे.
'ती इंजिनाची आसा.'
'हं,' मी म्हटलं,
आणि पुढचं लाकूड
त्याच्याआधी मीच आत सारलं.